हापसीचं गोड पाणी

माझे दात तपकिरी आहेत. पुढच्या वरच्या चार दातांवर आडवे पट्टे आहेत आणि खालच्यांवर खळगे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे फोटो पाहून कोणी मागाहून कुजबुजायला नको. नागपूरचा एक दातांचा डॉक्टर मला म्हणाला होता, "मॅडम, दोन चकरा मारा, नवेकोरे करून देतो." मी नको म्हटलं. त्याला वाटलं बाई चिकट आहे. वाटू दे. माझं वय आता साठीच्या पलीकडे गेलं आहे आणि या दातांनी मी पुष्कळ खाल्लं आहे, भांडले आहे, साहेबांसमोर अहवाल वाचले आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही. राग आणि लाज ज्या गोष्टीची आहे ती वेगळीच आहे, आणि ती सांगायला मला इतकी वर्षं लागली.

आमचं गाव मारेगावपासून जवळच, कापसाच्या रानात. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती, पंचशीलाचा झेंडा, टिनाचं छोटं विहार, आणि विहारासमोर हापसी, म्हणजे हातपंप. बाबा राजूरच्या कोळशाच्या खाणीत होते, आठवड्यातून एकदा यायचे. ते येत तेव्हा त्यांच्या पिशवीत वणीच्या बाजारातला चिवडा आणि तळाशी कोळशाची भुकटी असायची. ती भुकटी माझ्या दातांसाठी. माय मला अंगणात बसवून ती बोटानं घासायची, त्यानंतर राख, मग लिंबाची काडी, आणि शेवटी हताश होऊन मीठ. "पोट्टी घासतच नाई," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, कारण लोकांनी म्हणायच्या आत आपण म्हटलेलं बरं. माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं. वस्तीतल्या निम्म्या पोरांचे दात असेच होते, पण त्यांच्या मायांनी ते मनावर घेतलं नव्हतं. माझ्या मायनं मला मारेगावच्या शाळेत घातलं होतं ना. तिथं वरच्या आळीतल्या, तालुक्यातल्या नोकरदारांच्या पोरी होत्या, आणि त्या हसल्या की खिडकी उघडल्यासारखा उजेड पडायचा.

हापसीचा आवाज हा आमच्या घराचा आवाज होता. पहाटे कोंबड्याच्या आधी ती कुरकुरायला लागायची. त्या लयीवर मी झोपेतून वर यायची, आणि चुलीवर ज्वारीच्या भाकरीचा वास सुटलेला असायचा, सोबत अंबाडीची भाजी नाहीतर तुरीचं पातळ वरण. त्या पाण्यात डाळ मेणासारखी शिजायची. पाणी चवीला गोड. पाहुणे मुद्दाम दुसरा गिलास मागायचे आणि माय अशी काही खुलायची, जसं ते पाणी तिनंच घरी कढवलं आहे. एका अर्थानं ते तिचंच होतं. हापसी मंजूर व्हावी म्हणून ती आणि वस्तीतल्या आणखी बाया पंचायत समितीच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या होत्या, तेव्हा मी तिच्या कडेवर होते. यंत्र आलं, जमिनीतून पांढरा चिखल उडाला, मग पाणी. त्या दिवशी बायांनी हापसीजवळ मेणबत्ती लावली, वंदना म्हटली आणि गूळ-फुटाणे वाटले.

त्याआधी पाणी कुठून यायचं, तर गावविहिरीवरून. विहीर वरच्या आळीत. तिच्यावर आमच्या बायांना चढायला कोणी मनाई केली होती असं नाही. तशी मनाई कायद्यानं करताच येत नाही, आणि आमच्या गावची माणसं कायद्याला मानणारी. रीत एवढीच होती की आपला गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, खाली सपाट दगडावर ठेवायचा आणि उभं राहायचं. वरच्या बायांचं भरून झालं, त्यांच्या गप्पा झाल्या, की त्यांच्यातली कोणी दोराला हात घालून आपल्या बादलीनं वरून आमच्या गुंडात ओतायची. ओतणारी कधी वाईट बोलायची नाही, उलट पोराबाळांची विचारपूस करायची. माय त्या विचारपुशीवरच जास्त चिडायची. हापसीचं पहिलं पाणी भरलं तेव्हा ती म्हणाली होती म्हणे, "आता माहा गुंड मी त्या दगडावर नाई ठेवनार. मेली तरी नाई." हे मला वस्तीतल्या बाया सांगत. माय स्वतः त्या विहिरीचं नावही काढत नसे.

पाठक सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले तेव्हा मी नववीत होते. यवतमाळचे, घरात वडील-काका सगळे कचेरीतले, शर्टाच्या खिशाला दोन पेन आणि बोलणं इतकं स्वच्छ की आम्ही पहिले काही दिवस नुसतं ऐकतच राहायचो. एकदा प्रयोगशाळेत त्यांनी मला प्रश्न विचारला आणि मी नेहमीसारखी तळहात तोंडावर धरून उत्तर दिलं. ते म्हणाले, "हात काढ." मी काढला. ते जवळ आले, चष्मा वर केला आणि वाकून माझ्या दातांकडे असे बघायला लागले, जसं कोणी पावसाळ्यानंतर उगवलेलं अनोळखी रोप बघावं. मला वाटलं आता राखेवर व्याख्यान येणार. ते म्हणाले, "तुझ्या दातांना काही झालेलं नाही. तुमच्या पाण्याला झालंय. कुठलं पाणी पिता तुम्ही?" मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की घरी जाईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. मी घाणेरडी नव्हते. मायचा हात धरून मी तिला सांगितलं, कोळसा नको, राख नको, यात आपला दोष नाही. माय म्हणाली, "पान्यात दोष? आपल्या पान्यात?" आणि तिचा चेहरा असा झाला, जसं मी तिच्या माहेराला काही बोलले.

पाठक सरांनी विज्ञान प्रदर्शनासाठी हाच विषय घेतला. बाटल्या उकळून धुतल्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. हापसीचं पाणी मी आणलं, विहिरीचं पाणी प्रशांतनं आणलं. प्रशांत आमच्याच गावचा, वरच्या आळीचा, वर्गात पहिला, हुशार आणि स्वभावानं खरोखर चांगला मुलगा. बाटल्या सरांनी स्वतः यवतमाळला नेऊन ओळखीच्या माणसाकडून तपासून आणल्या. हापसीच्या पाण्यात फ्लोराइड, जमिनीच्या खोल खडकातून आलेलं, हवं त्याच्या कितीतरी पट. विहिरीचं पाणी जरा मचूळ, पण निर्दोष. सरांनी आम्हाला समजावून सांगितलं: दात हिरडीच्या आत घडत असतात तेव्हा हे पाणी पोटात गेलं तर दात बिघडूनच बाहेर येतात, आणि पुढे वर्षानुवर्षं तेच पीत राहिलं तर हाडं, सांधे, पाठ. "तुझं आता काही करता येणार नाही," ते मला म्हणाले, आणि ते किती सरळपणे म्हणाले याचा मला तेव्हा अभिमानच वाटला. "पण घरात कोणी लहान आहे का?" होती ना. चिमी, माझी बहीण, नुकती रांगायला लागली होती. सर म्हणाले, "मग तिचे वाचतील. आजपासून पाणी बदललं तर तिचे सगळे वाचतील."

तक्ता मीच लिहिला, कारण माझं अक्षर चांगलं. कारण, लक्षणं, तपासणी. आणि खाली, हिरव्या शाईत, उपाय. सरांनी सांगितलं, "लिही. उपाय सोपा व बिनखर्चाचा. हापसी बंद करून जवळच्या गावविहिरीचे पाणी वापरावे." माझा पेन थांबला. मी म्हटलं, "सर, ती विहीर..." सर म्हणाले, "काय?" वर्गात दहाबारा जण होते, प्रशांत माझ्यासमोर तक्त्याचं टोक धरून उभा होता, त्याच्या आईनं आमच्या घरच्या गुंडात किती वेळा पाणी ओतलं असेल कोण जाणे. मी म्हटलं, "लांब पडते, सर." प्रशांत हसून म्हणाला, "काय लांब, हाकेवर तर आहे." त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. मी ते वाक्य लिहिलं, आणि हिरव्या शाईत ते सुंदर दिसत होतं.

यवतमाळच्या प्रदर्शनासाठी मी सगळं तोंडपाठ केलं होतं. म्हशीला पाणी पाजताना, चिमीला झोपवताना मी तिलाच भाषण ऐकवायची: "आदरणीय परीक्षक महोदय." मायनं तिच्या ठेवणीतल्या साडीचा काठ काढून माझ्या झंपराला लावला. सकाळी मंडपात आमचा तक्ता लागला, बाटल्या मांडल्या, आणि सर म्हणाले, "प्रशांत बोलेल. तू इथे, तक्त्याच्या बाजूला उभी राहा. मी खूण केली की तोंड उघड." मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. सर म्हणाले, "अगं, चित्रापेक्षा प्रत्यक्ष पाहिलेलं पटतं. तू आमचा सगळ्यात मोठा पुरावा आहेस." हे त्यांनी इतक्या प्रेमानं म्हटलं की नाही म्हणायला जागाच उरली नाही. मी उभी राहिले. दिवसभर लोक येत होते. प्रशांत माझंच भाषण बोलत होता, कारण ते मीच लिहिलं होतं, आणि फार छान बोलत होता. खूण झाली की मी तोंड उघडायची. पोरं एकमेकांना ढकलून बघायची. एक बाई आपल्या मुलाला म्हणाली, "बघ, नीट घासले नाहीत तर असं होतं," म्हणजे तक्ता तिनं वाचलाच नव्हता.

दुपारी परीक्षक आले. त्यांच्यातल्या वयस्कर गृहस्थांकडे छोटी बॅटरी होती. "आ कर, बेटा," ते म्हणाले. मी आ केलं. त्यांनी बॅटरी टाकली, पेनाच्या टोकानं माझा ओठ वर उचलला, बाकीच्यांना दाखवलं. मग तसाच ओठ धरून त्यांनी सरांना विचारलं, "विहीर इतकी जवळ आहे, पाणी शुद्ध आहे, मग हे लोक ते पीत का नाहीत?" माझ्या आयुष्यात मला कोणी विचारलेला सगळ्यात नेमका प्रश्न तो होता. त्याचं उत्तर त्या मंडपात फक्त मला आणि प्रशांतला माहीत होतं. प्रशांत आपल्या चपलांकडे बघत होता. माझं तोंड उघडं होतं, आणि उघड्या तोंडानं बोलता येत नाही. पाठक सर म्हणाले, "अज्ञान, साहेब. गोडीची सवय लागली आहे. प्रबोधन चालू आहे आमचं." साहेबांनी मान डोलावली, पेन माझ्या ओठावरून काढून रुमालाला पुसला आणि त्याच पेनानं गुण दिले.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. पुढचं सगळं फार लवकर झालं, सरकारी काम असूनही. सरांनी अर्ज केले, खेटे घातले, त्यांच्यासारखा दुसरा कोणी घालणार नव्हता हेही मी सांगितलं पाहिजे. आधी दोन माणसं येऊन हापसीला लाल रंग फासून गेली, आणि लोक तरीही भरतात असं दिसल्यावर दांडाच काढून नेला. पहाटेचा आवाज बंद झाला. वस्तीतल्या बाया आमच्या दारात येऊन मायला बोलल्या. एकजण म्हणाली, "तुह्या पोरीनं दात दाखोले अन् आमचं पानी गेलं." बऱ्याच जणी पाण्यासाठी नाल्याच्या वाळूत झिरे उकरायला लागल्या. तिसऱ्या दिवशी मायनं चिमीला मांडीवर घेतलं, तिच्या कोऱ्या हिरड्यांवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "खरं हाय का वं हे? पुस्तकातलं नाई, तुह्यं सांग. इचे दात वाचतीन?"

मी म्हटलं, "वाचतीन, माय."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली.

त्या दिवसापासून घरात विहिरीचं पाणी यायला लागलं. मी शाळेत असायची तेव्हा माय भरून आणायची, संध्याकाळी रांजण भरलेला दिसायचा. डाळ शिजायला वेळ लागायचा, तेवढाच फरक. मी एकदा तिला विचारलं, "तिथं आता कसं हाय?" ती भाकर थापत होती. म्हणाली, "काई नाई आता तसं. जमाना बदलला." मी विश्वास ठेवला. तो ठेवणं फार सोयीचं होतं. ज्या बाईनं मेले तरी जाणार नाही म्हटलं होतं ती रोज जाते आहे म्हणजे नक्कीच बदललं असणार, असा मी हिशेब केला, आणि हिशेबात मी हुशार होते.

पुढे मी रसायनशास्त्र घेतलं आणि सगळी नोकरी पाणी तपासण्यात काढली. माझ्या हातून किती हापस्यांवर लाल रंग चढला असेल. प्रत्येक वेळी मी गावात विचारायची की हे बंद केलं तर दुसरं पाणी कुठलं, ते कोणाचं, आणि ते कोण काढून देतं. नमुन्याच्या कागदावर हे लिहायला रकाना नाही. बरोबरचे लोक गाडीत बसून हॉर्न वाजवायचे. "मॅडम सोयरीक जुळवायला आल्या का पाणी तपासायला," असं म्हणायचे. एका तरुण साहेबानं तर मला सांगितलं की आपण पाण्याचा दोष सांगायचा, माणसांचा नाही, ते आपलं शास्त्र नव्हे. शास्त्र मला त्याच्याइतकंच येत होतं. पाठक सरांची तपासणी बरोबर होती, बाटल्या बरोबर धुतल्या होत्या, निष्कर्ष शंभर टक्के खरा होता. चिमीचे दात आज पांढरे शुभ्र आहेत. ती तोंड भरून हसते, आणि ती हसली की मला आनंद होतो आणि मी दुसरीकडे बघते. हे तिला माहीत नाही.

त्या बक्षिसानंतर दुसऱ्या वर्षी प्रदर्शन जवळ आलं तेव्हा पाठक सर म्हणाले, या वेळी परिणाम दाखवू. आधी काय होतं, आता काय आहे. त्यांनी कोणाचा तरी कॅमेरा आणला होता. "तुझी आई विहिरीवर पाणी भरताना एक फोटो हवा, म्हणजे प्रबोधन यशस्वी झालं हे दिसेल." मधल्या सुट्टीत त्यांनी मला त्यांच्या लूनावर मागे बसवलं आणि आम्ही गावात आलो. उन्हं चढलेली. विहिरीच्या ओट्यावर चारपाच बाया धुणं-भरणं आटोपून निवांत बसल्या होत्या. माय खाली होती. तिचे दोन्ही गुंड दगडावर होते, रिकामे, आणि ती त्यांच्याशेजारी उभी होती, पदर डोक्यावर, हात एकात एक अडकवलेले. ती काहीच करत नव्हती. नुसती उभी होती, आणि किती वेळची उभी असेल ते तिच्या सावलीत येऊन झोपलेल्या कुत्र्यावरून कळत होतं.

सरांनी कॅमेरा डोळ्याला लावला होता. तेवढ्यात प्रशांतची आई उठली, म्हणाली, "काय वं, लेकरू बरं हाय ना तुह्यं?" आणि बादली ओढून वरून मायच्या गुंडात धार धरली. माय वाकली, गुंड सरळ धरला, शिंतोडे तिच्या तोंडावर उडाले. "बरं हाय, बाई," ती म्हणाली.

सरांचा कॅमेरा खाली आला. त्यांच्या कानापर्यंत रंग चढत गेलेला मी पाहिला. ते तरातरा पुढे गेले आणि म्हणाले, "तुम्ही वर या. दोर घ्या हातात. मी इथे उभा आहे, बघतो कोण काय म्हणतं ते." मायनं सरांना ओळखलं. पदरानं तोंड पुसलं.

"तुमी आज आले, सर," ती हळूच म्हणाली. "मले रोज येनं हाय."

सर वळले आणि त्यांनी मला विचारलं, "तू मला सांगितलं का नाहीस?" त्यांच्या वळण्यामुळेच मायला मी दिसले. तोवर मी लूनाच्या आडोशाला होते. तिनं मला पाहिलं, एकदा त्या दगडाकडे पाहिलं, आणि चोरी करताना सापडलेल्या पोरीसारखी ओशाळून हसली.

"शाळा लवकर सुटली का वं आज?" ती म्हणाली.